जुनाट सायनस: धूर, धूळ, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि चिठ्ठीवरच्या त्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल

शरीरक्रिया_अकोला (धागाकर्ता)

जुनाट सायनसच्या चिठ्ठीवर आजकाल नाकातल्या स्प्रेसोबत एखादी अँटिऑक्सिडंट कॅप्सूल हमखास असते. पेशंटनं विचारलं की उत्तर मिळतं, 'ताकदीसाठी आहे.' एवढ्यानं काही समजत नाही, म्हणून हा धागा. ऑक्सिडेटिव्ह ताण नाकात नेमकं काय बिघडवतो, आपल्या विदर्भातल्या धुराधुळीशी त्याचा काय संबंध आणि त्यावर खरोखर काय करता येतं, एवढंच बोलू. घरच्यांच्या आजारपणाच्या गोष्टी नकोत, माहिती टाका.

सुरुवात रचनेपासून. गालाच्या हाडात जी पोकळी (सायनस) असते तिचं तोंड तळाशी नसून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असतं. म्हणजे माणूस उभा असताना तिथला चिकट स्राव आपसूक खाली उतरत नाही, तो वर चढवावा लागतो. हे काम अस्तरावरचे बारीक रोम करतात. ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलतात आणि स्रावाचा पातळ थर त्या तोंडाकडे ढकलत नेतात. रोम मंदावले, स्राव घट्ट झाला किंवा तोंड सुजून बंद झालं, या तिन्हींपैकी काहीही झालं तरी आत साचायला लागतं. जुनाट सायनसमध्ये तिन्ही एकदम होतात आणि तिन्हींत ऑक्सिडंटचा हात असतो.

आता ऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे, पेशीतल्या घटकांवर तुटून पडणारे रेणू. ते आवरतात त्यापेक्षा जास्त साचले की तो ऑक्सिडेटिव्ह ताण. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल ही मंडळी मुळात शत्रू नव्हेत. नाकाचं अस्तर स्वतःच ड्युऑक्स नावाच्या एन्झाइमनं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि ते जंतू मारायला वापरतं. काम झालं की कॅटालेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही एन्झाइमं आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलंच अँटिऑक्सिडंट मिळून हे सगळे ऑक्सिडंट निकामी करतात. धूर, धूळ, बुरशी, जंतू यांचा मारा रोजचाच झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि उरलेले ऑक्सिडंट पेशीतला एनएफ-कॅपा-बी नावाचा खटका चालू करतात. तो चालू झाला की इंटरल्युकिन-८ सारखे निरोप सुटतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात. आणि गंमत पहा, त्या पेशींचं हत्यार सुद्धा ऑक्सिडंटच! म्हणजे सूज ऑक्सिडंट वाढवते आणि ऑक्सिडंट सूज वाढवतात. या फेऱ्यात अस्तराच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल पडतात, मग बाहेरचा कचरा आणखी आत शिरतो.

नाककानघसा_वर्धा

मास्तर, छान मांडणी. निदानाची बाजू जोडतो, कारण 'मला सायनस आहे' म्हणणाऱ्या पुष्कळांना सायनस नसतो.

जुनाट म्हणायला त्रास सलग १२ आठवडे तरी हवा. चार लक्षणांपैकी किमान दोन पाहिजेत: नाक बंद, नाकातून किंवा घशात स्राव, चेहऱ्यावर दाब वा दुखणं, वास कमी होणं. या दोनात नाक बंद किंवा स्राव यापैकी एक असलाच पाहिजे. शिवाय दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये पुरावा दिसायला हवा. नुसतं कपाळ दुखतं, नाक मोकळं, वास नीट येतो, तर आधी मायग्रेनचा विचार करा. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 'सायनसची डोकेदुखी' असलेल्या २९९१ लोकांना तपासलं, त्यातल्या ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली.

साध्या एक्स-रेवर पैसे घालवू नका. जुनाट सायनससाठी तो कुचकामी आहे. सीटी लागतो तोही साधा, रंगद्रव्याशिवाय, आणि औषधोपचार नीट करून झाल्यावर. सर्दी भरात असताना काढलेला सीटी सगळ्यांचाच खराब दिसतो.

सूज ढोबळमानानं दोन जातींची. एकीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचं राज्य असतं. नाकात द्राक्षाच्या घडासारखे कोंब म्हणजे पॉलिप येतात, वास जातो, पुष्कळदा दमाही सोबत असतो. तिथे इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे निरोप चालतात. दुसरीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जास्त, पू जास्त. स्टिरॉइडला पहिली जात चांगली दाद देते, दुसरी कमी.

तूरवाला_दारव्हा

डॉक्टरसाहेब, एक विचारतो. शेंबूड हिरवा आला की मेडिकलवाला लगेच अँटिबायोटिकचा पत्ता काढून देते. हिरवा म्हणजे जंतू झालेच असं समजायचं का जी?

शरीरक्रिया_अकोला

नाही भाऊ. तो हिरवा रंग जंतूंचा नसतो, न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा असतो. त्या एन्झाइमात लोह असतं आणि त्याचा मूळ रंगच हिरवा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ वापरून ते हायपोक्लोरस आम्ल तयार करतं, म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकतो त्या ब्लीचिंगमधलंच द्रव्य. शेंबूड हिरवा झाला याचा अर्थ 'पांढऱ्या पेशी जमल्या' एवढाच. विषाणूच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो रंग येतो.

इओसिनोफिलांचं वेगळं. त्यांच्या पेरॉक्सिडेजनं बनवलेले ऑक्सिडंट श्लेष्मातल्या प्रथिनांना गंधकाच्या बंधांनी एकमेकांत जखडतात. म्हणून पॉलिपवाल्यांचा स्राव डिंकासारखा तार धरतो आणि शिंकरून सुटत नाही. दम्यात हे चांगलं अभ्यासलं गेलंय.

औषधी_वरूड

काउंटरवरून सांगतो. पाच दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा घेण्यात जुनाट सायनसचं काही भलं होत नाही. ताप, एका बाजूचं तीव्र दुखणं, बरं होता होता पुन्हा एकदम बिघडणं, अशा वेळी डॉक्टर देतात ते वेगळं. आणि नाक मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, पाच दिवसांच्या पुढे नकोत. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, असर उतरला की दुप्पट फुगतात, मग माणूस दर चार तासांनी थेंब मागतो. वर्षानुवर्षं खिशात ती बाटली घेऊन फिरणारे आहेत. त्यांचा सायनस राहतो बाजूला, आजार थेंबांचाच होऊन बसतो.

सोडायचे कसे? एकदम दोन्हीकडचे सोडायला जमत नसेल तर आधी एका नाकपुडीत बंद करा, दुसरीत चालू ठेवा, सोबत स्टिरॉइडचा स्प्रे दोन्हीकडे सुरू करा. आठ-दहा दिवसांत ती बाजू मोकळी राहायला लागली की दुसरी बंद.

जिनिंग_सुरक्षा_हिंगणघाट

आता मूळ कारणाकडे येऊ, नाहीतर नळ चालू ठेवून फरशी पुसत बसल्यासारखं होईल.

आपल्याकडचे मारे हंगामानुसार बदलतात. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी. परतीच्या पावसात गंजी भिजली असेल तर थ्रेशरमधून भुशासोबत काळपट रंगाच्या बुरशीचे बीजाणू उडतात, त्यात अल्टरनेरिया मुख्य. नोव्हेंबरपासून कापूस. जिनात रेच्यावर (रुई-सरकी वेगळी करायच्या यंत्रावर) आणि कचरा काढायच्या यंत्रावर उडणारी धूळ नुसती रुई नसते. वाळलेला पाला, बोंडाची टरफलं, माती आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. जानेवारी-फेब्रुवारीत तूर. मग उन्हाळ्यात धसकटं आणि पऱ्हाट्या जाळण्याचा धूर. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या बाजूला वीजकेंद्रांच्या राखेची धूळ बाराही महिने, आणि वणी-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची.

थ्रेशरवर करण्यासारखं:
भुसा फेकणारं तोंड वारा जिकडे जातो तिकडे ठेवा आणि पेंढ्या टाकणारा माणूस वारा जिकडून येतो त्या अंगाला उभा करा. यंत्र लावायच्या आधी मूठभर भुसा उडवून वारा पाहायला एक मिनिटही लागत नाही. दुपारून वारा फिरतो, तेव्हा यंत्रही फिरवायची तयारी ठेवा. भिजलेली गंजी आधी पसरून वाळवा. ओलसर मळली की दाणाही फुटतो आणि बुरशीही उडते.

तोंडाला ओला दुपट्टा बांधला की धूळ अडते हा समज आहे. जाड कचरा अडतो, बारीक कण कापडाच्या विणीतून आणि गालाजवळच्या फटीतून सरळ आत जातात. एन-९५ दर्जाचा, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क घ्या. कानाला अडकवायचे बहुतेक सैल बसतात. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात फुंकर मारा. डोळ्यांकडे हवा लागली तर बसला नाही. दाढीवर कुठलाच नीट बसत नाही. श्वास घ्यायला जड जाऊ लागला किंवा आतून ओला झाला की बदला, धुऊन वापरू नका. धुतल्यानं त्यातला विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकदही जाते.

तूरवाला_दारव्हा

तोच मास्क फवारणीले चालते का?

जिनिंग_सुरक्षा_हिंगणघाट

नाही. एन-९५ कण अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. फवारणीला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचं फिल्टर, अशा दोन्ही थरांचा रबरी अर्धमुखवटा लागतो. वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. काम झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवा, उघडं टांगून ठेवलं तर ते घरातच भरत राहतं.

शरीरक्रिया_अकोला

तणनाशकांत पॅराक्वाट आहे ते लक्षात ठेवा. ते पेशीत शिरलं की एक इलेक्ट्रॉन घेतं, तो ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनवतं, स्वतः मोकळं होऊन पुन्हा तेच करतं. ऑक्सिडेटिव्ह ताणाचं प्रयोगशाळेत दाखवायचं उदाहरण म्हणजे पॅराक्वाट. फवाऱ्याच्या जाड तुषारांनी नाकातून रक्त येतं ते यामुळेच.

सिस्टर_अर्जुनीमोरगाव

इथे एक फरक ठळक करते. कीटकनाशक फवारून आल्यावर नाकातून पाणी वाहतंय, लाळ गळतेय, घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, छातीत घरघर. हा सायनस नाही आणि ॲलर्जीही नाही. ही ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा आहे. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि सरळ दवाखाना. यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणीत माणसं दगावली, तेव्हापासून हे प्रत्येक गावात सांगून झालंय, तरी 'सर्दी झाली' म्हणून गोळी घेणारे भेटतातच.

घरातल्या धुराबद्दल. सिलिंडर बहुतेक घरी आला, पण त्यावर चहा आणि भाजी होते. भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. त्यातलं पाणी तापवणं सगळ्यात सोपं बाहेर हलवायला: ती चूल अंगणात, भिंतीपासून लांब न्या. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या वर्षभर पावसात भिजू देऊ नका, ओलं इंधन धुमसतं आणि धुमसण्यातूनच ॲक्रोलिनसारखी द्रव्यं जास्त निघतात. ही द्रव्यं ग्लुटाथायोनला चिकटून ते वाया घालवतात, म्हणजे मास्तर वर म्हणाले तो साठा खर्ची पडतो. चूल पेटवायला प्लास्टिकची पन्नी वापरू नका. हे सांगितलं की लोक हसतात, पण सकाळी गावभर तोच वास असतो.

नाककानघसा_वर्धा

सिस्टरताई, नाक धुण्याची पद्धत तुम्हीच लिहा. पेशंटला आमच्यापेक्षा तुमचं जास्त पटतं.

सिस्टर_अर्जुनीमोरगाव

लिहिते साहेब. जुनाट सायनसमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त कामाचं हेच.

पाणी: खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या, झाकून कोमट करा. आरओचं, फिल्टरचं, विहिरीचं, नळाचं, कुठलंही असो, उकळायचंच. आरओनं क्षार जातात, पाणी निर्जंतुक होत नाही. गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत जातो आणि माणूस सहसा वाचत नाही. केरळात २०२४ मध्ये काही मुलं यानं दगावली. आपल्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी त्याला मानवेल इतकी तापते.

मीठ: एक लिटरला ९ ग्रॅम. वजनकाटा नसेल तर मोजमापाच्या ५ मिलिच्या चमच्यानं बारीक मिठाचे दीड सपाट चमचे. त्यात खाण्याचा सोडा अर्धा चमचा, त्यानं झोंबणं कमी होतं. जाड मीठ चमच्यानं मोजू नका, चमचा तोच दिसतो पण वजन बरंच वेगळं भरतं. पुड्या विकत आणल्या तर एक पुडी किती पाण्याला ते पाकिटावर वाचा, बहुतेक २४० मिलिसाठी असते. नुसतं साधं पाणी नाकात घालू नका, अस्तर फुगतं आणि कपाळात कळ जाते.

कृती: मऊ प्लास्टिकची दाबायची बाटली किंवा नेतीचं भांडं. नहाणीत पुढे वाका, तोंड उघडं, तोंडानंच श्वास. बाटलीचं टोक नाकपुडीत बसवून हळू दाबा, पाणी दुसऱ्या नाकपुडीतून येईल. एका बाजूनं निम्मं, दुसरीनं निम्मं, मिळून २४० मिलि. धुताना बोलू नका, गिळू नका. मग खाली वाकून मान डावी-उजवी फिरवा, साचलेलं निघू द्या, आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरा. नाक चिमटीत धरून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं.

काय बिघडतं: कानात दडे बसले तर दाब जास्त होतोय. घशात पाणी आलं तर मान मागे जातेय, अजून वाका. तासाभरानं वाकल्यावर पाणी टपकलं तर घाबरू नका, पोकळीत राहिलेलं निघतंय. म्हणून झोपायच्या तासभर आधी धुवा. नाक पूर्ण बंद असेल, पाणी दुसरीकडून येतच नसेल, तर जोर लावू नका, आधी दाखवा. बाटली रोज साबणानं धुऊन उपडी वाळवा, ओल्या नहाणीत ठेवू नका, तीन महिन्यांनी बदला. उरलेलं मीठपाणी झाकून एक दिवस चालतं, नंतर ओतून द्या.

शरीरक्रिया_अकोला

यात आमच्या खारपाणपट्ट्यासाठी दुरुस्ती पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, बुलडाणा, अमरावती या तिन्ही जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत बोअरचं पाणी मुळातच खारट आहे. टीडीएस ३००० असेल तर लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आधीच आहेत. वरून ९ ग्रॅम मीठ घातलं की १२ झाले, उकळून पाणी आटलं की आणखी. त्याचा अपाय नाही, पण नाक झोंबतं, आणि झोंबलं की लोक धुणंच सोडतात. बरं, मीठ कमी करून हिशोब जुळवू म्हटलं तर त्या क्षारांत मीठ किती आणि मॅग्नेशियम, सल्फेट किती हे कोणाला माहीत! या कामापुरतं आरओचं किंवा नळयोजनेचं गोडं पाणी घ्या आणि तेच उकळा.

औषधी_वरूड

स्प्रेबद्दल मी लिहितो, कारण शंभरातले निम्मे लोक तो चुकीचा मारतात असं म्हटलं तर डॉक्टर मंडळी माझ्यावर रागावणार नाहीत.

मोमेटासोन असो की फ्लुटिकासोन, एका दाबात सहसा ५० मायक्रोग्रॅम असतं. मोठ्या माणसाला साधारण प्रत्येक नाकपुडीत दोन दाब, पॉलिपमध्ये डॉक्टर वाढवतात. नवी बाटली असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. हलवा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुका. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्यानं उजव्या. म्हणजे टोक आपोआप कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर तिथे खपली धरते आणि रक्त येतं. जोरात ओढू नका, ओढलं की औषध घशात जातं. नाक धुतलं असेल तर १५ मिनिटांनी मारा, लगेच मारला तर औषध पाण्यासोबत बाहेर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा थेंबांसारखा पाच मिनिटांत नाक उघडत नाही. फरक दिसायला दोन आठवडे, पुरता असर यायला दोन-तीन महिने. 'चार दिवस मारला, काही झालं नाही' म्हणून बाटली परत आणणारे महिन्याला कितीतरी.

नाककानघसा_वर्धा

हा स्प्रे करतो काय, ते धाग्याच्या विषयाशी जोडून सांगतो. स्टिरॉइड पेशीत जाऊन मास्तरांनी सांगितलेला एनएफ-कॅपा-बी वाला खटकाच दाबून धरतं. त्यासाठी त्याला एचडॅक-२ नावाचं एक प्रथिन लागतं. तंबाखूच्या धुरातले ऑक्सिडंट नेमकं तेच प्रथिन निकामी करतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात हे नीट सिद्ध झालं आहे. बिडी चालू ठेवून स्प्रे मारला की औषध पूर्ण लागू होत नाही, ते यामुळे.

खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा) संबंध दुसऱ्या वाटेनं. खर्ऱ्यानं दात झिजतात, हिरड्या सुटतात, वरच्या दाढांच्या मुळाशी गळू होतं. त्या मुळांवर गालाच्या पोकळीचा तळ अगदी पातळ हाडावर टेकलेला असतो. एकाच बाजूनं, सडका वास येणारा स्राव असेल तर नाकाआधी दाढा तपासा. दाढ बरी होत नाही तोवर कितीही धुवा, कितीही स्प्रे मारा, फरक पडणार नाही.

तूरवाला_दारव्हा

हे सगळं समजून रायलं राजेहो. पण मूळ सवाल राहिला न. ते कॅप्सूल घ्यायचं का नाही? ऑक्सिडंटनं बिघडते तर अँटिऑक्सिडंटनं सुधारलं पाहिजे, साधा हिशोब आहे.

शरीरक्रिया_अकोला

हिशोब साधा वाटतो, पण शरीरात तो जुळत नाही.

पहिलं कारण, ऑक्सिडंट तयार होतात ते पेशीच्या आत, क्षणाच्या अंशात, आणि जागच्या जागी संपतात. गोळीतलं जीवनसत्त्व तिथे वेळेवर आणि पुरेसं पोचतच नाही. दुसरं, शरीराची खरी ताकद गोळीतल्या द्रव्यात नसून स्वतःच्या एन्झाइमांत आहे. ती एन्आरएफ-२ नावाच्या बटणानं वाढतात. ब्रोकोलीच्या कोंबांचा रस दिलेल्या निरोगी लोकांच्या नाकाच्या धुवणात ती वाढलेली दिसली, पण त्यावरून सायनस बरा होतो असं ठरत नाही. आणि ब्रोकोली आपल्या आठवडी बाजारात येते कुठे!

तिसरं कारण सावध करणारं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तेव्हा बिडी ओढणाऱ्यानं बीटा-कॅरोटीनवाली कॅप्सूल 'ताकदीसाठी' घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

औषधी_वरूड

दुकानात जे मागतात त्यावर एकेक ओळ. एन-ॲसिटिलसिस्टीन ६०० ची विरघळणारी गोळी: ग्लुटाथायोनचा कच्चा माल आहे, स्राव पातळ करते हे तत्त्वानं बरोबर, पण जुनाट सायनसमध्ये भक्कम पुरावा नाही, आणि दमेकऱ्यानं न विचारता घेऊ नये. ड जीवनसत्त्व: रक्तात कमी असेल तर भरून काढा, सायनससाठी म्हणून वेगळं नको. क जीवनसत्त्व: आवळा, पेरू, आपली वरूड-मोर्शीची संत्री भरपूर आहेत. हळद: पोटातून रक्तात फारच थोडी उतरते, दुधातून घ्यायची तर घ्या, उपचार समजू नका. त्या कॅप्सूलच्या पैशात तीन महिन्यांचं मीठ, सोडा आणि धुण्याची बाटली येते.

सिस्टर_अर्जुनीमोरगाव

घरगुती उपायांपैकी दोन बंद करा. नाकात तेल सोडणं: रोज सोडलं की थोडं थोडं फुप्फुसात उतरतं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो, म्हाताऱ्यांत जास्त. मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देणं: पातेलं सांडून भाजण्याचा धोका खरा, फायदा तात्पुरता. मेंथॉलच्या बामनं नाक उघडल्यासारखं वाटतं, उघडत नाही, थंडाव्याची जाणीव तेवढी होते.

भ्रामरी विचारतील म्हणून आधीच सांगते. गुणगुणल्यानं नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड साधारण १५ पट वाढतं, कारण पोकळ्यांत साठलेला वायू बाहेर पडतो. पोकळीचं तोंडच बंद असेल तर तेही होत नाही. करायची तर करा, स्प्रेच्या बदली नको.

नाककानघसा_वर्धा

शेवटी सुयांबद्दल. 'एक सुई मारली की सहा महिने नाक मोकळं' अशी जी गावोगाव चालते ती लांब टिकणारी स्टिरॉइडची असते. नाक खरंच उघडतं, म्हणून तर ती खपते. पण साखर चढते, हाडं पोकळ होतात, मोतीबिंदू येतो, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थांबतं. न तपासलेल्या मधुमेहात हे फार वाईट. रक्तातली आम्लता वाढली की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्युकरची बुरशी त्याच लोहावर पोसते. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीनं जे पाहायला लावलं त्यात साखर आणि स्टिरॉइड ही जोडीच जास्त करून होती.

पॉलिप आणि दमा दोन्ही असतील तर अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेण्याआधी विचारा. काहींना त्यानं तासाभरात दम्याचा जोरदार झटका येतो.

सिस्टर_अर्जुनीमोरगाव

साहेब, आमच्याकडचं एक राहिलं. नाकात कोंब दिसला म्हणजे पॉलिपच असं धरून महिनोन्‌महिने स्प्रे मारत बसतात. तळ्या-बोड्यांत आंघोळ करणाऱ्यांमध्ये तो ऱ्हायनोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्म जीवाच्या संसर्गाचा असू शकतो.

नाककानघसा_वर्धा

अगदी बरोबर. पॉलिप फिकट, चकचकीत, बोटानं हलवला तरी दुखत नाही आणि सहसा दोन्हीकडे. ऱ्हायनोस्पोरिडियमचा कोंब लालबुंद, त्यावर पांढरे बारीक ठिपके, स्ट्रॉबेरीसारखा, हात लागताच रक्त, बहुतेक एकाच बाजूला. त्यावर स्प्रेचा उपयोग शून्य. मुळासकट काढून बूड जाळावं लागतं, तरीही पुन्हा येऊ शकतो. आणि आरागिरणीत किंवा सुतारकामात आयुष्य गेलेल्या माणसाला एका बाजूनं नाक बंद, एका बाजूनं रक्त असेल तर लाकडाच्या भुशानं होणारा कॅन्सर नाही ना, हे आधी पाहायचं. एकतर्फी असलं की थांबायचं नाही, दुर्बीण आणि गरज पडल्यास तुकडा.

त्याच दिवशी निघायची लक्षणं: डोळ्याभोवती सूज, दुहेरी किंवा कमी दिसणं, ताप आणि मान आखडून डोकं फुटेल असं दुखणं, गाल बधिर, नाकात किंवा टाळूवर काळी खपली. नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्राम, सावंगी, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाचं शासकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांचे पत्ते सोबत. फुले जनआरोग्य योजनेत कुठली शस्त्रक्रिया बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

तूरवाला_दारव्हा

ऑपरेशन झालं म्हणजे मंग सुटका न?

नाककानघसा_वर्धा

नाही भाऊ. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं पोकळ्यांची तोंडं मोठी होतात, अस्तराचा स्वभाव बदलत नाही. खरा फायदा असा की नंतर धुण्याचं पाणी आणि स्प्रे आतपर्यंत पोचतात. आधी ते दारातच अडत होते. म्हणून ऑपरेशननंतर धुणं वाढतं, बंद होत नाही. पहिले काही आठवडे दिवसातून दोन-तीनदा, खपल्या सुटेपर्यंत. जोरात शिंकरणं आणि वजन उचलणं दोन आठवडे नाही. आणि सोयाबीन काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका, थ्रेशरच्या धुळीत ओली जखम घेऊन उभं राहावं लागेल. उन्हाळ्यात, शेतीची कामं कमी असताना घ्या.

तूरवाला_दारव्हा

बरं जी. एप्रिलात पाहतो मंग. तोपर्यंत दीड चमचा मीठ, अर्धा सोडा, लिटरभर पाणी, बरोबर न?

सिस्टर_अर्जुनीमोरगाव

बरोबर. चमचा सपाट, शीग लावून नाही. आणि पाणी उकळलेलं.